सेटअपचा ताळेबंद



ज्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा आहे आणि संगणक किंवा प्लेस्टेशनही आहे, त्या घरात अलीकडे ‘सेटअप’ हा शब्द वारंवार कानी पडतो. पडद्यावर मोटारशर्यतीचा खेळ चाललेला असतो, मुलाच्या कानाला हेडफोन असतो आणि पलीकडे पुण्याचा, नाशिकचा, कधी परदेशातला कोणी अनोळखी खेळाडू असतो. ‘मागचा विंग दोनने कमी कर’, ‘टायरचे प्रेशर किती ठेवलेस?’, ‘तिसऱ्या वळणात गाडी मागून सुटते का?’ अशी त्यांची भाषा असते. स्वयंपाकघरातून आई विचारते, “अजून किती वेळ?” उत्तर येते, “फक्त एक लॅप.” घरातील संवाद तेथेच संपतो आणि अनोळखी माणसाशी चाललेला संवाद पुढे तासभर सुरू राहतो.

हा तासभराचा संवाद नेमका कशाविषयी असतो, हे आपल्यापैकी किती पालकांना ठाऊक असते? माझा नातू हा खेळ खेळतो. बँकेच्या नोकरीत आयुष्य गेल्याने आकड्यांविषयी कुतूहल सुटत नाही. म्हणून त्याच्याशेजारी खुर्ची टाकून मी हा विषय समजून घेतला. त्यातून जे हाती लागले ते या महिन्याच्या लेखात मांडतो. माझे मत आरंभीच सांगून ठेवतो : या खेळात मुलगा वेळ दवडतो आहे की काही शिकतो आहे, हे तो किती तास बसतो यावरून पुरते कळत नाही. तो इतरांकडे नुसता आकडा मागतो की आकड्यामागचे कारण मागतो, यावरून ते कळते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. सेटअप म्हणजे शर्यतीपूर्वी केलेली गाडीची जुळवणी. ही विद्या जुनी आहे आणि आमच्या कौंडण्यपूरच्या मातीला ती अपरिचित नाही. वर्धेच्या काठावरील हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वदूर ओळखले जाते. भागवतातील कथेप्रमाणे श्रीकृष्ण आनर्त देशातून एका रात्रीत विदर्भात पोहोचले. रथाला शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक हे चार घोडे होते आणि तो जोडून आणणारा दारुक नावाचा सारथी होता. रुक्मिणीहरणाची कथा सांगताना दारुकाचे नाव क्वचितच घेतले जाते. परंतु रथ जुळवून सिद्ध करण्याचे काम त्याचे होते.

पुराण बाजूला ठेवले तरी आपल्या वऱ्हाडात शंकरपट आहेच. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. पटाच्या दिवसांत पारावर बसलेल्या जाणत्यांचे बोलणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना सेटअपची चर्चा परकी वाटणार नाही. कोणता बैल उजवीकडे जुंपावा, दोघांची चाल जुळते का, छकडा किती हलका असावा, धुरकरी वजनाने कसा असावा, अशा प्रश्नांवर तेथे रात्र सरते. निकाल सेकंदाच्या अंशावर लागत असल्याने प्रत्येक बारीक गोष्टीला महत्त्व येते. पडद्यावरच्या शर्यतीत हेच सारे प्रश्न वेगळ्या नावांनी येतात. एवढेच की तेथे कोणत्याही मुक्या जीवाच्या पाठीवर आसूड नसतो.

आता गाडीकडे वळू. खेळातील गाडीत बदलता येण्याजोगी कलमे पुष्कळ असतात. त्यांतील मुख्य चार-पाच समजली की पुरे. पहिले कलम टायरमधील हवेचा दाब. टायर तापला की आतील हवा प्रसरण पावते व दाब वाढतो, हे मे महिन्यात अमरावती-अकोला रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून गाडी थंड असताना भरलेला दाब आणि चार फेऱ्यांनंतरचा दाब हे दोन निराळे आकडे असतात आणि खेळाडूला दुसऱ्या आकड्याचा हिशेब आधी करावा लागतो. दाब जास्त झाला तर टायर फुगून रस्त्याला कमी चिकटतो. फार कमी झाला तर टायर लिबलिबीत होऊन जादा तापतो. दिवस उन्हाचा असेल तर सुरुवातीचा दाब कमी ठेवावा लागतो, संध्याकाळी शर्यत असेल तर थोडा वाढवावा लागतो.

दुसरे कलम विंग, म्हणजे गाडीच्या मागे-पुढे बसवलेला पंखा. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा पंख गाडीला खाली दाबतो. दाब वाढला की वळणात गाडी रस्ता धरून राहते. परंतु तोच पंख सरळ रस्त्यावर वाऱ्याला अडवतो आणि वेग खातो. तिसरे कलम ब्रेकची विभागणी. ब्रेकचा जोर पुढच्या चाकांकडे जास्त दिला तर गाडी स्थिर राहते, पण वळायला कुरकुरते. मागे जास्त दिला तर ती चपळ होते, पण मागची चाके अडकून गाडी गिरकी घेण्याचा धोका वाढतो. चौथे कलम स्प्रिंगा आणि गाडीचा झोल आवरणारा दांडा, ज्याला अँटी-रोल बार म्हणतात. तो पुढे ताठ केला तर गाडी वळणात सरळ निघू पाहते, मागे ताठ केला तर गाडीचे शेपूट बाहेर जाऊ पाहते. पहिल्या दोषाला अंडरस्टिअर म्हणतात, दुसऱ्याला ओव्हरस्टिअर. याशिवाय गिअरचे प्रमाण, चाकांचा कल, गाडीची जमिनीपासूनची उंची, टाकीतील इंधन अशी कलमे आहेत. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो धरले, तर साठ लिटरने सुटलेली गाडी शर्यत संपेपर्यंत पंचेचाळीस किलोने हलकी होते. म्हणजे पहिल्या फेरीत उत्तम वाटणारी जुळवणी शेवटच्या फेरीत उत्तम असेलच, असे नाही.

वाणिज्य शाखेच्या वाचकांच्या ध्यानात आले असेल की ही सारी द्विनोंदी पद्धत आहे. एका खात्यात जमा केले की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात नावे पडतेच. फुकटचा नफा देणारे एकही कलम गाडीत नाही. समजा, मागचा पंखा दोन अंशांनी उतरवल्याने सरळ रस्त्यावर तीन दशांश सेकंद वाचले आणि वळणांत मिळून चार दशांश सेकंद गेले. मुलगा पडद्यावर वाढलेला वेग पाहून खूश होतो. पण फेरीचा ताळेबंद एक दशांश सेकंद तोट्याचा आहे आणि वीस फेऱ्यांच्या शर्यतीत तो तोटा दोन सेकंदांचा होतो. वरचा आकडा पाहून हुरळून न जाता खालची बेरीज पाहणे, ही सवय ज्याला लागली त्याला पुढे कोणत्याही व्यवहारात ती उपयोगी पडेल.

याचे आपल्या देशातील उदाहरण म्हणजे ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०१३ पर्यंत तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेल याने जिंकल्या. त्या वर्षांच्या अधिकृत फॉर्म्युला वन खेळांतही हा मार्ग होता, त्यामुळे आपल्याकडील अनेक मुलांनी तो घरबसल्या पालथा घातला. या मार्गाची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे, तर उत्तरार्धात एकात एक गुंतलेली दीर्घ वळणे आहेत. पूर्वार्ध म्हणतो पंखा उतरवा, उत्तरार्ध म्हणतो पंखा चढवा. दोघांचे समाधान करणारा आकडा नाही. चालकाने स्वतःचे बळ ओळखून कोठे कमवायचे आणि कोठे गमवायचे, हे ठरवायचे असते. वळणांत ज्याचा हात स्थिर आहे तो पंखा उतरवू शकतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने पंखा चढवून सुरक्षित राहावे. म्हणून एकाच गाडीत, एकाच मार्गावर, दोन चांगल्या खेळाडूंचे सेटअप वेगळे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

घरगुती खेळात ही जुळवणी रुजवण्यात ‘ग्रॅन टुरिस्मो’ या जपानी खेळाचा मोठा वाटा आहे. डिसेंबर १९९७ मध्ये तो जपानमध्ये आला. काझुनोरी यामाउची हे त्याचे जनक. गाडी विकत घ्या, तिचे भाग बदला, जुळवणी करा आणि मग पळवा, अशी त्याची रचना होती. पुढे याच खेळाच्या आधारे निस्सान कंपनीने ‘जीटी अकॅडमी’ नावाची स्पर्धा चालवली. घरात बसून खेळणाऱ्यांतून खरे चालक निवडण्याची ती योजना होती. २०११ मध्ये ब्रिटनचा जॅन मार्डनबरो तीत विजयी झाला आणि २०१३ मध्ये ल मान येथील चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. २०२३ मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. २०२० च्या टाळेबंदीत खऱ्या शर्यती थांबल्या तेव्हा फॉर्म्युला वनने पडद्यावरच्या शर्यती भरवल्या आणि जूनमध्ये ल मानची चोवीस तासांची शर्यतही संगणकावर झाली. तीत व्यावसायिक चालक आणि घरून खेळणारे खेळाडू एकाच संघात बसले. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली.

ही उदाहरणे वाचून कोणत्या पालकाने ‘आपला मुलगाही उद्या चालक होईल’ असे स्वप्न पाहू नये. लाखो खेळाडूंतून एखादाच तेथवर पोहोचतो. मात्र याच विद्येचा दुसरा, अधिक रुळलेला मार्ग आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग संघ, पुण्याच्या सीओईपीचा संघ, आयआयटी मुंबईचा संघ, हे विद्यार्थी स्वतः शर्यतीची गाडी बांधतात आणि फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत उतरतात. आयआयटी मुंबईचा संघ विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला गेलेला आहे. या स्पर्धांत केवळ वेगाला गुण नसतात. परीक्षक विचारतात : हा भाग असाच का केला? खर्च किती आला? पर्याय कोणता होता आणि तो का नाकारला? ज्या मुलाने पडद्यावर एकेक कलम बदलून त्याचा परिणाम पाहिला आहे, त्याला हे प्रश्न ओळखीचे वाटतील.

आता चर्चेकडे येतो, कारण खरे मोल तिचेच आहे. खेळाडू आपापले सेटअप एकमेकांना देतात, तेही बहुधा विनामूल्य. एक फाइल उतरवून घेतली की जगातील एखाद्या निष्णात खेळाडूची जुळवणी आपल्या गाडीत बसते. नवख्याला वाटते, आता वेळ आपोआप कमी होणार. पण घडते उलटेच. निष्णात खेळाडूची गाडी कडेलोटाच्या काठावर जुळवलेली असते; तिचे शेपूट सुटू पाहते आणि तो ते आपल्या हाताने आवरतो. नवखा तीच गाडी घेतो आणि दुसऱ्याच वळणात गिरकी खातो. मग तक्रार येते, ‘तुमचा सेटअप वाईट आहे.’ उत्तर येते, ‘मला तर जमतो, तुला का जमत नाही?’ अशी चर्चा कोणालाच काही शिकवत नाही.

मला यावरून कर्जप्रकरणांना जोडलेले प्रकल्प अहवाल आठवतात. दुग्धव्यवसायाच्या कर्जासाठी येणारे अनेक अहवाल एकाच नमुन्यावरून टंकलिखित केलेले असत. म्हशींची संख्या तीच, दुधाचे लिटर तेच, चाऱ्याचा खर्चही तोच. बदललेले असे ते फक्त अर्जदाराचे नाव आणि गाव. नदीकाठच्या गावातला हिरवा चारा आणि खारपाणपट्ट्यातील पाण्याची टंचाई यांना एकच आकडा कसा लागू पडेल? अहवाल कागदावर निर्दोष असे. पण अर्जदाराला एखाद्या आकड्याचे कारण विचारले की तो गप्प होई. ज्याला कारण सांगता येई, त्याचा आकडा थोडा चुकलेला असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटे, कारण परिस्थिती बदलली तर तो स्वतःचा आकडा स्वतः दुरुस्त करू शकणार होता.

चांगली चर्चा कशी असते, हेही मी ऐकले आहे. नातवाने एकदा पलीकडच्या जाणत्या खेळाडूला विचारले, “माझी गाडी वळत नाही, काय करू?” त्याने आकडा दिला नाही, प्रतिप्रश्न केले. कोणते वळण? वळणात शिरताना, वळणाच्या पोटात की बाहेर पडताना? ब्रेक सोडल्यावर की पाय ब्रेकवर असतानाच? पहिल्या फेरीत की दहाव्या? टायरचे तापमान पुढे जास्त आहे की मागे? या प्रश्नांची उत्तरे देता देता नातवाच्याच ध्यानात आले की गाडीत दोष नाही. तो ब्रेक उशिरा आणि फार जोराने दाबतो, म्हणून पुढची चाके घसरतात. सेटअपला हात न लावता त्याची वेळ सुधारली. मी त्याला विचारले, “ते कोण होते रे?” तो म्हणाला, “आजोबा, नाव ठाऊक नाही. पण ते नेहमी असेच शिकवतात.” निनावी राहून, मोबदला न घेता, दुसऱ्याला विचार करायला लावणारा असा मनुष्य कोठेही भेटला तरी त्याचे ऋण मानावे.

त्या दिवसापासून नातू वही ठेवतो. दिनांक, मार्ग, हवामान, केलेला बदल, पाच फेऱ्यांची सरासरी वेळ आणि शेरा असे रकाने तिच्यात आहेत. नियम एकच : एका वेळी एकच बदल. दोन कलमे एकदम बदलली आणि वेळ सुधारली, तर श्रेय कोणाचे हे कळत नाही. बँकेत दिवसअखेर रोकड जुळेना झाली की आम्हीही हेच करत असू. एकेक नोंद तपासायची, घाईने चार नोंदी दुरुस्त करायच्या नाहीत.

काही ऑनलाइन शर्यतींत सेटअप सर्वांना सारखाच दिलेला असतो, त्यात बदल करता येत नाही. काहींत तो खुला असतो. पहिल्या प्रकारात हाताची परीक्षा होते, दुसऱ्यात हाताबरोबर विचाराचीही. नवख्याने प्रथम पहिल्या प्रकारात पुरेसे खेळावे, म्हणजे आपली उणीव गाडीवर ढकलण्याची सवय लागत नाही, असे जाणते सांगतात. हा सल्ला मला फार पटला.

आता खबरदारीच्या गोष्टी. पैशांच्या बाबतीत पालकांनी सजग राहावे. स्टिअरिंग आणि पेडल काही हजारांपासून लाखांपर्यंत मिळतात. साध्या संचावरही सारे शिकता येते. सेटअप विकणारी दुकानेही आहेत, मासिक वर्गणी घेणारी. घेतलेच तर प्रत्येक आकड्याचे कारण समजून घेण्यासाठी घ्यावे. खेळाच्या खात्याला घरातील कार्ड कायमचे जोडून ठेवू नये आणि पत्ता, शाळा, ओटीपी यांपैकी काहीही अनोळखी व्यक्तीला देऊ नये, हे मुलाला स्पष्ट सांगावे. पैसे लावून खेळण्याचे आमिष कोणी दाखवले तर तेथून तत्काळ बाहेर पडावे. ऑनलाइन खेळांविषयीच्या ज्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याने पैशांचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत स्पष्ट रेषा ओढली आहे. पहिल्यांवर बंदी आहे, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. दुसऱ्यांना मान्यता आहे. ही रेषा मुलांना माहीत असायला हवी.

वेळेचा प्रश्न उरतोच. त्यासाठी ओव्हरड्राफ्टची पद्धत मला योग्य वाटते. मर्यादा आधी, शांतपणे, दोघांनी मिळून ठरवावी. परीक्षेच्या दिवसांत ती कमी करावी आणि एकदा ठरली की रोज वाद घालू नये. मर्यादेबाहेर गेलेला वेळ पुढच्या दिवसातून वळता करावा. शर्यत मध्येच सोडली तर सोबत्यांचे नुकसान होते, हे मुलाचे म्हणणे खरे असते. म्हणून ‘आत्ता बंद कर’ असे म्हणण्यापेक्षा ‘ही शर्यत किती मिनिटांची आहे?’ असे सुरू करण्यापूर्वीच विचारावे.

आणि एक विनंती. दिवसातून एकदा तरी ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नाऐवजी मुलाला दुसरा प्रश्न विचारून पाहा : ‘आज काय बदललेस आणि त्याच्या बदल्यात काय गमावलेस?’ मुलगा प्रथम चकित होईल. त्याच्याजवळ उत्तर नसेल तर त्याने नुसता कोणाचा तरी आकडा उचलला आहे, हे त्याचे त्यालाच कळेल. उत्तर असेल तर तो तुम्हाला पंख्याविषयी, टायरविषयी, त्या लांब सरळ रस्त्याविषयी सांगू लागेल. सगळे समजले नाही तरी चालेल, ऐकून घ्यावे. ज्या घरात मुलाला आपल्या निर्णयाचे कारण वडीलधाऱ्यांसमोर मांडण्याची सवय लागते, त्या घरात पुढे शाखा निवडताना, नोकरी बदलताना, कर्ज काढताना तो आधी घरच्यांशी बोलतो. आज त्याची चर्चा कानातल्या हेडफोनवर चालते. तिच्यातला थोडा भाग जेवणाच्या ताटावर आणणे आपल्या हाती आहे.